आधी दोरा तुटला, मग मी

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

चौकशीच्या दिवशी तुम्ही माझे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत, पेनाच्या टोकाने मला ढोसलंत आणि म्हणालात, "तीस ग्रॅमची काठी, तिला साठ ग्रॅमचं शिसं बांधलं. काठी मोडली, माणूस बुडाला. वाईट झालं. पण चूक वापरणाऱ्याची." मग पंखा वाढवायला सांगितलंत आणि चहा मागवलात. वापरणारी तुमच्या समोरच बसली होती. तिच्या अंगात अजून नवऱ्याचाच स्वेटर होता.

मित्रांनो, मोठ्या माणसाला खोटारडा म्हणू नये असं तुम्हाला शिकवलेलं असेल. पण त्या सकाळी मी तिथे होते, साहेब नव्हते. म्हणून माझं आयुष्य पहिल्यापासून सांगते. खोटं कोण, ते मग तुम्हीच ठरवा.

मी एक जुनी, मोडलेली गळाची काठी आहे. धातूचा खोटा मासा समुद्रात लांब फेकायचा आणि मुठीवरचं दोऱ्याचं रीळ फिरवत तो जिवंत असल्यासारखा ओढत आणायचा, त्या कामाची. माझा जन्म कारखान्यातला. काळ्या कार्बनचं कापड एका निमुळत्या सळईवर घट्ट गुंडाळलं, भट्टीत भाजलं, आणि सळई ओढून काढली. आतून पोकळ, बाहेरून चकचकीत अशी मी उरले. मग लांब बाकांवर बसलेल्या बायकांनी दोऱ्याचे वेढे देऊन माझ्या अंगावर कड्या बांधल्या. दोरा या कड्यांतून धावतो. शेवटी बुचाची मूठ बसवली आणि तिच्यावर बारीक सोनेरी अक्षरांत लिहिलं, १० ते ३० ग्रॅम.

याचा अर्थ नीट समजून घ्या. माझ्याकडून एवढंच वजन फेकून घ्यायचं. दहापेक्षा कमी बांधलंत तर मी वाकत नाही, आणि न वाकलेली काठी फेकणार कशाच्या जोरावर? तीसपेक्षा जास्त बांधलंत तर मी ओल्या फडक्यासारखी लोंबते, आणि वर जोराचा झटका दिलात तर मोडते. माणसाच्या पाठीवर असं काही लिहिलेलं नसतं. म्हणून त्याच्यावर वाटेल तेवढं लादतात.

मला विकत घेतलं एका फरशी बसवणाऱ्याने. सगळे त्याला पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे आत बुडबुडा हलणारी ती पट्टी, जी ठेवली की फरशी सपाट बसली की कलली ते कळतं. ती सदा त्याच्या खिशात असायची. कोणाच्या घरी गेला तरी बोलता बोलता खिडकीच्या कठड्यावर पट्टी ठेवून बघायचा आणि यजमानाचा चेहरा पडायचा. उकिडवं बसून बसून त्याचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणाला, सुट्टीच्या दिवशी तरी उभा राहात जा. नुसतं उभं राहून करायचं काय, म्हणून हा मासे धरायला निघाला.

दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं. मला त्याच्या हातात दिलं आणि माझ्या मुठीवर एक अगडबंब रीळ चढवलं, बोटीवरून मोठाले मासे ओढायचं. "राजा माल आहे," तो म्हणाला. "मासा काय, म्हैस ओढाल." पाणसळ भुलला. मला वाटलं, आता जन्मभर ही धोंड गळ्यात.

घरी त्याच्या बायकोने मला उचललं. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. दिवसभर ओल्या चादरी उचलणारं मनगट, त्याला वजन लगेच कळतं. शिवाय लहानपणी वडिलांबरोबर समुद्रावर उभी राहिलेली.

"अहो, ही काठी आहे का गदा?"

"दुकानदार म्हणाला, राजा माल."

"मग काय चोर माल म्हणेल? नाकापेक्षा मोती जड झालाय. मनगट सुजलं की फरशी कोण लावणार, दुकानदार?"

दुसऱ्याच दिवशी तिने मला परत दुकानात नेलं. एकामागून एक रीळ लावून बघितलं. दुकानदार वैतागला. "वहिनी, लहान रीळ लावाल तर मासाही लहानच येईल."

"मोठं रीळ बघून मासा घाबरून मरतो का?"

अखेर एक मध्यम रीळ बसवून, त्याच्या किंचित पुढे, तिने मला एका बोटावर आडवं ठेवलं. मूठ खाली गेली नाही, शेंडा खाली गेला नाही. तराजूच्या दांडीसारखी मी स्थिर राहिले. पाणसळने खिशातली पट्टी काढून हळूच माझ्यावर टेकवली. बुडबुडा मधोमध.

"आपलंसुद्धा एवढं जुळत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही कुठे एका बोटावर राहता?"

मग दोरा. तिने बारीक, विणलेला दोरा घेतला. दुकानदार जाड दोरा पुढे करत होता, तर म्हणाली, "काठीपेक्षा दोरा कच्चा हवा. खडकात अडकलं तर दोरा तुटावा, काठी राहावी." त्या दिवसापासून ती माझी मालकीण झाली. पाणसळ नावाचा मालक.

आमची चांगली वर्षं जुन्या दगडी धक्क्यावर गेली. धक्क्याला लोखंडी कठडा होता, टोकाला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्यांशी एका खांबावर दोरखंड आणि लाल-पांढरं तरंगतं कडं टांगलेलं असे. कोणी पडलंच तर. मी पंचवीस ग्रॅमचा खोटा मासा फेकायची तेव्हा मधल्या कडीपर्यंत वाकून अशी सुटायची, की रिळावरून दोरा शीळ घालत निघे. लोक म्हणत, पाणसळची बायको फेकत नाही, पेटीत पत्र टाकते. पाणसळ ते ऐकून अशी छाती काढायचा, जसं काही त्यानेच फेकलंय.

मोठा मासा लागला की मात्र मालकीण त्याला कधीच काठीने उचलत नसे. उचलायला काठी नसते. रिळाची पकड सैल ठेवायची, त्याने ओढलं की दोरा द्यायचा, थकला की घ्यायचा, आणि कठड्याकडेने पावलापावलाने चालत त्याला पायऱ्यांपर्यंत न्यायचं. तिथे पाणसळ गुडघे धरत, कुरकुरत खाली उतरायचा आणि हाताने मासा घ्यायचा. घरी गेल्यावर मला गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, कोरडं करून उभं ठेवायचं. खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या वस्तूला एवढं मिळालं की पुष्कळ झालं.

मग एके दिवशी धक्क्यावर पत्रे उभे राहिले. माणसाच्या दीडपट उंच, वर काटेरी तार. कोणी बाजूने वळसा घालू नये म्हणून शेवटचा पत्रा भिंतीच्या पुढे, पाण्यावर काढलेला. त्याची कड कापली तशीच ठेवलेली, करवतीसारखी. पत्र्यात एक दार आणि दाराला नवंकोरं कुलूप. बाहेर पाटी, 'दुरुस्तीचे काम चालू आहे.'

काम कधीच चालू नव्हतं. एक गवंडी आला नाही, एक दगड हलला नाही. धक्क्याचा कारभार या साहेबांकडेच होता; ते एकदा आले, डोक्यावर पिवळी टोपी घालून फोटो काढून गेले. पायऱ्या, दोरखंड, तरंगतं कडं, सगळं त्या दाराच्या आत राहिलं. आम्ही बाहेर.

पाणसळ, त्याची बायको आणि त्यांचा शेजारी वेल्डर असे तिघे साहेबांच्या कचेरीत गेले. निदान पायऱ्यांपर्यंत वाट ठेवा, म्हणाले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाजारात मासे मिळत नाहीत का?" शेजारचा कारकून हसला. आमचेही कसंनुसं हसले, कारण अशा ठिकाणी माणूस हसतोच. मी दाराबाहेर छत्र्यांच्या टोपलीत उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

मग लोक ठोकळ्यांवर उभे राहू लागले. लाटा फोडायला टाकलेले ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे, एकावर एक कसेही पडलेले. मध्ये माणूस मावेल एवढी भोकं, खाली शेवाळ. तिथून पाणी उथळ, मासा लांब. लांब फेकायला वजन वाढलं. तीसच्या काठ्यांना पन्नास, साठ बांधू लागले आणि काठ्या काडीसारख्या मोडू लागल्या. पाणसळलाही मोह झाला.

"चाळीस बांधून बघू?"

"तिच्या अंगावर तीस लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने थोडं हातचं राखूनच लिहिलं असेल."

"तुमच्या गुडघ्यांवर काही लिहिलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. हिच्यावर लिहिलंय."

त्याने शिसं परत पिशवीत टाकलं. मी तीसवरच राहिले.

ती सकाळ रविवारची. समुद्रावरून वारा होता, लाटा भरीव. अशा हवेत शहाणी माणसं घरी बसतात. मी त्या तिघांबरोबर होते, बाकी ठोकळ्यांवर चिटपाखरू नाही. वेल्डरने साठ ग्रॅमचं शिसं आणलं होतं. त्याची काठी माझ्याच जातीची. मालकीण म्हणाली, "भावजी, नका." तो म्हणाला, "वहिनी, लोखंडाशी माझं रोजचं आहे." आणि चाबूक मारावा तसा त्याने झटका दिला. काड्. वरचा तुकडा दोऱ्यात लोंबत खालच्या ठोकळ्यांत जाऊन पडला. तिघंही हसली. पाणसळ हसत हसतच म्हणाला, "थांब, तुझं लोखंड आणतो," आणि तुकडा काढायला एक ठोकळा खाली उतरला. शेवाळावर पाय गेला. गुडघ्याने साथ दिली नाही.

तो खांद्यावर आपटला. ठोकळ्याला शिवून परत फिरणाऱ्या लाटेने त्याला उचललं आणि बाहेर नेलं. तो वर आला तेव्हा एकच हात हलत होता.

मालकिणीने किंचाळण्यात वेळ घालवला नाही. माझ्यावर तीसचा खोटा मासा बांधलेला होता, तो तिने त्याच्या दिशेने फेकला. वाऱ्याने खाल्ला. निम्म्या वाटेत पडला. दुसऱ्यांदा तेच. मग तिने हात पुढे केला. "भावजी, शिसं."

वेल्डरच्या खिशात दुसरं होतं. पण तो ते काढेना. "वहिनी, मोडेल ती. आत्ता बघितलंत ना?"

"द्या."

तिने दाताने गाठ तोडली. गळ काढून टाकला, कारण तो नवऱ्याच्या अंगात रुतला असता. नुसतं शिसं बांधलं. आणि मित्रांनो, इथे नीट ऐका, कारण साहेबांनी हे विचारलंच नाही. तिने झटका दिला नाही. शिसं शेंड्यापासून हातभर खाली लोंबतं सोडलं, मला मागे नेलं, थांबली, आणि पाळण्याला द्यावा तसा लांब, संथ झोका दिला. मी मुठीपर्यंत वाकले. माझ्या पोटात काहीतरी करकरलं. माझ्यावर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट मी उचललं आणि सोडलं. शिसं पाणसळच्या डोक्यावरून पलीकडे गेलं, दोरा त्याच्या खांद्यावर पडला. त्याने तो मनगटाला गुंडाळला.

मी टिकले होते. वेल्डर बघत होता.

तिने त्याला ओढलं नाही. सरळ ओढलं असतं तर ठोकळ्यांनी त्याचा चेंदा केला असता. ती वर भिंतीवर चढली आणि चालू लागली, पायऱ्यांच्या दिशेला, मोठ्या माशाला न्यावं तसं. लाट बाहेर गेली की रीळ देत होतं, आत आली की ती घेत होती. तो उताणा तरंगत मागून येत होता. एवढ्यातही तो म्हणाला, "मोठा मासा लागलाय, बाईसाहेब."

"तोंड मिटा. पाणी जाईल."

आणि मग पत्रा आला.

दाराशी राखणदार स्टुलावर बसला होता. "किल्ली साहेबांकडे असते, ताई. आज रविवार."

"फोन लावा."

त्याने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. राखणदार काही वाईट माणूस नव्हता. वेल्डरने दगड उचलला आणि कुलपावर घालू लागला. कुलूप उत्तम होतं. त्या धक्क्यावर तेवढीच एक वस्तू साहेबांनी मजबूत आणली होती.

पाण्याची ओढ पत्र्याच्या पलीकडे होती. मालकिणीने त्याला तिच्यावर सोडलं, कारण पायऱ्या तिथेच होत्या. तो खालच्या पायरीपर्यंत पोचला. मी पाहिलं, त्याचा चांगला हात पायरीवर पडला. पण एका हाताने आणि तसल्या गुडघ्यांनी त्या बुळबुळीत दगडावर कोण चढणार? लाट त्याला वर ठेवायची आणि परत काढून न्यायची. वर ठेवायची, काढून न्यायची. त्या पायरीवर एक माणूस हवा होता. फक्त एक, हात धरायला.

माझ्या शेंड्यापासून निघालेला दोरा आता पत्र्याच्या कडेवरून जात होता. मालकीण भिंतीबाहेर कमरेपर्यंत झुकली, मला जमेल तेवढं लांब धरलं, दोरा कडेपासून दूर राहावा म्हणून. प्रत्येक लाटेला तो तरीही घासायचा. मला तो एकेक पीळ सुटताना कळत होता. ती वरून बोलत होती, "धरून राहा, दार उघडतंय. धरून राहा."

दोरा तुटला. एकदम ताण गेला.

त्याच श्वासात मागे कुलूप निखळलं, दार धाडकन उघडलं. आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं धावत आली होती. सगळे आत घुसले. मालकीण मला टाकून पायऱ्यांकडे पळाली. कोणाचा तरी बूट माझ्यावर पडला, मग दुसरा. दुसऱ्या बुटाखाली मी मोडले.

पायरी रिकामी होती.

दुपारी एका होडीने त्याला आणलं. दोरा मनगटाला तसाच होता, त्याचं टोक घासून पिंजलेलं. तो दोरा साहेबांनी टेबलावर मांडला नाही. मोडकी काठी मांडली, कारण ती दिसायला बरी दिसते. वेल्डर उभा राहून सांगू लागला, तर साहेब म्हणाले, "तुमची काठी त्याच वजनाने मोडली ना? मग बसा."

आता मी त्यांच्या घरात कपाटामागे आहे. मला कोणी धुतलं नाही. रिळावर मीठ पांढरं फुललंय, मूठ काळी पडली. त्याबद्दल मी कुरकुरत नाही. पण परवा पाणसळची बहीण आली होती. चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "वहिनी, तुम्हाला तर वजनातलं सगळं कळायचं ना? मग साठ कसं बांधलंत?"

मालकिणीने तिचा कप उचलून आत नेला. आधी दोरा तुटला की काठी मोडली, तिला स्वतःलाच आता ठाऊक नाही. ताण गेला, दार आपटलं, मागे काहीतरी मोडलं, एवढंच तिला आठवतं. उरलेलं साहेबांनी भरलं. बहीण गेल्यावर तिने मला बाहेर काढलं, मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि पुटपुटली, "पन्नास बांधलं असतं तर?" पन्नास त्याच्यापर्यंत पोचलं नसतं, बाई. तुझं वजन बरोबर होतं. हे मला ओरडून सांगायचं आहे, आणि काठीला तोंड नसतं.

मित्रांनो, काठी, रीळ, दोरा आणि वजन एकमेकांना साजेसं घ्या. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा. हे तुम्हाला कोणतीही काठी सांगेल. मी आणखी एक सांगते. कोणी मोडकी वस्तू टेबलावर मांडून तिच्या मालकाला दोषी ठरवू लागला, तर उभे राहा आणि विचारा, ती मोडली कधी? बसा म्हणाला तरी बसू नका.

आणि साहेब, तुम्ही. दुरुस्ती चालू नव्हती, तर कुलूप कशासाठी होतं? रविवारी किल्ली तुमच्या घरी काय करत होती? फोन वाजत होता तेव्हा तुमचा हात कशात गुंतला होता? मला उत्तर नको. ती पाळी संपवून दुपारी घरी येते. जिना चढा, दार वाजवा आणि तिच्यासमोर उभं राहून सांगा. कधी येताय?